साळवे मॅडमचा राग

साळवे मॅडमसमोर ‘फक्त’ हा शब्द काढायची ऑफिसात कुणाची छाती नव्हती. गिऱ्हाइकांना हे माहीत नसायचं. फोनवर कुणीतरी म्हणायचं, “मॅडम, विशेष काही नाही, फक्त एक रकाना वाढवायचाय,” आणि मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून ऐकत बसायचो. मॅडम रिसीव्हर कानापासून लांब धरायच्या, एखादं नासलेलं फळ बघावं तसं त्याच्याकडे बघायच्या, आणि मग सुरू व्हायच्या.

“फक्त म्हणजे काय हो? तो रकाना कुठे कुठे वापरायचाय? बिलात येणार? रिपोर्टात येणार? आधीच्या सगळ्या पेशंटच्या नावापुढे त्यात काय भरायचं? ते ठरवलंय का? नाही ना? मग ठरवा आणि परत फोन करा.”

रिसीव्हर आपटल्याचा आवाज खालच्या खतांच्या दुकानात ऐकू जायचा.

शिरूरला एसटी स्टँडपासून जवळच, त्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉम्प्युटर घेतला की धंदा सुधारतो अशी सगळ्यांची समजूत झाली होती, आणि आमचे मालक मोहिते साहेब त्या समजुतीवर जगत होते. दूध डेऱ्या, पतसंस्था, दवाखाने यांना ते सॉफ्टवेअर विकायचे. मी मशीन बसवायचो, केबली ओढायचो, अडकलेले प्रिंटर उघडायचो. आणि ते सॉफ्टवेअर लिहायच्या मार्था साळवे.

उंच, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात पुरुषी सँडल. राहायला दौंडला. रोज सकाळी न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीने यायच्या, आणि एसटी उशिरा सुटली तर कंट्रोलरशी भांडूनच जिना चढायच्या. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी वचनाचा आकडा चुकीचा सांगितला तर या बाकावर बसल्या बसल्या मोठ्याने दुरुस्त करतात, असं त्यांच्याच बहिणीने मला सांगितलं होतं. चूक दिसली की त्यांना राहवायचंच नाही. ती कुणाची आहे याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. स्वतःची चूक सापडली तर सगळ्यांत जास्त चिडायच्या. मग दिवसभर कुणाशी बोलायच्या नाहीत आणि बिनसाखरेचा काळा चहा पीत राहायच्या.

त्यांच्या मशीनमध्ये एक गाव होतं. म्हणजे त्यांनी प्रोग्रॅम तपासायला खोटी माणसं तयार केली होती आणि आम्ही त्याला मॅडमचं गाव म्हणायचो. त्या गावात अजून नाव न ठेवलेलं बाळ होतं. एकाच नावाचे, एकाच बापाचे दोन भाऊ होते. एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेली एक बाई होती. शंभरी ओलांडलेले एक दगडूबाबा होते. प्रोग्रॅममध्ये काडीएवढा बदल केला तरी मॅडम अख्खं गाव त्या प्रोग्रॅममधून काढायच्या. कुणाचं बिल काय यायला पाहिजे, कुणाचा कागद कसा छापला पाहिजे, त्यांना तोंडपाठ होतं. एकदा सालांचे दोन आकडे बदलून चार करायचं काम निघालं. दोन हजार साल लागलं की मशीनं गोंधळतील, अशी तेव्हा सगळीकडे धास्ती होती. बदल केला, गाव चालवलं, आणि प्रिंटरमधून चिठ्ठी आली: दगडूबाबा, वय दोन, पोलिओचा डोस बाकी. मी पोट धरून हसलो. मॅडम हसल्या नाहीत.

“हसतोस काय जाधव? खरा म्हातारा असता आणि डोस दिला असता तर?”

“मॅडम, म्हाताऱ्याला बघून कोण पोलिओचा डोस देईल?”

“कागदावर छापलेलं असलं की माणसं समोरच्या माणसाकडे बघत नाहीत,” त्या म्हणाल्या.

त्यांचे वडील रेल्वेत होते. दौंडला कितीतरी गाड्यांची तोंडं फिरतात, इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावतात. वडिलांचं काम डबे आणि ब्रेक तपासायचं. मॅडम लहानपणी डबा घेऊन फलाटावर जायच्या तेव्हा त्यांनी वडिलांना विचारलं होतं की इंजिन तर एकीकडेच लावलंय, मग तुम्ही पार शेवटपर्यंत का चालत जाता? वडील म्हणाले होते, ब्रेक सगळ्या गाडीला लागतो. हे मॅडमनी मला एकदाच सांगितलं, तेही चिडून, कारण मोहिते साहेब त्यांना म्हणाले होते की तुमच्या त्या गावापायी आपले दिवस फुकट जातात.

मोहिते साहेब वाईट माणूस नव्हते असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. आता म्हणत नाही. गोड बोलणं म्हणजे चांगुलपणा, असं मला तेव्हा वाटत होतं.

शिरूरमध्येच एका ट्रस्टचा मोठा दवाखाना होता. त्याला जोडून छोटी रक्तपेढी. त्यांचं सॉफ्टवेअर आमचं होतं. पंचक्रोशीतल्या रक्तदात्यांची यादी त्यात होती: नाव, गाव, फोन किंवा शेजाऱ्याचा फोन, आणि रक्तगट. पेढीत एखाद्या गटाची पिशवी नसली की यादीत शोधायचं आणि माणसाला बोलवायचं. जुन्या वह्या कधीच गोडाउनात गेल्या होत्या.

आता यातली खुबी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. रक्तगट आठ. मॅडमनी त्यांची एक यादी केली होती. पहिला ए पॉझिटिव्ह, दुसरा बी पॉझिटिव्ह, असं करत शेवटचा, आठवा, ओ निगेटिव्ह. रक्तदात्याच्या नावापुढे प्रोग्रॅम गट अक्षरात लिहून ठेवत नव्हता. यादीतला नंबर ठेवायचा. आठ नंबर असला की पडद्यावर ओ निगेटिव्ह दिसायचं. तेव्हा मशीनमध्ये जागा कमी असायची, सगळे असंच करायचे. यादी कुलूपबंद होती, कुणाला हात लावता येत नव्हता, म्हणून ते बरोबर होतं.

मग पुण्याच्या एका कंपनीचा माणूस तालुक्यात फिरायला लागला. आमचं सॉफ्टवेअर फ्लेक्झिबल आहे, सगळ्या याद्या तुम्हीच बदला, असं सांगत. मोहिते साहेब घाबरले. सकाळी सकाळी मॅडमच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“मॅडम, आपणही याद्या उघड्या करू. गिऱ्हाइकाला हवं ते घालता आलं पाहिजे.”

“करू. पण मग नंबर ठेवून चालणार नाही. आत साठवायची पद्धत बदलावी लागेल, आधीची सगळी माहिती नव्या पद्धतीत आणावी लागेल, आणि ती आली का ते तपासावं लागेल. मला पंधरा दिवस द्या.”

“अहो, फक्त कुलूप काढायचंय!”

मी मान खाली घातली. पण मॅडम ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “साहेब, यादी हलली की माणसं हलतील. मी हे करणार नाही.”

“ठीक आहे,” साहेब गोड हसले. “तुम्ही नका करू.”

मॅडमच्या बहिणीचं लग्न होतं, त्या आठवडाभर सुट्टीवर गेल्या. साहेबांनी पुण्याहून ओळखीचा एक प्रोग्रॅमर बोलावला, अर्ध्या दिवसात कुलूप काढून घेतलं आणि फ्लॉपी त्याच्याच हाती दवाखान्यात पोचवली. हे मलाही पुढेच कळलं. मॅडमचं गाव कुणी चालवलं नाही. परत आल्यावर त्यांनी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, ते काम आपण पुढे ढकललंय.

पुढे काय झालं ते आम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळलं. न्हावऱ्याजवळच्या एका वस्तीवरची कविता नावाची मुलगी त्या दवाखान्यात बाळंत झाली. पहिलंच मूल, मुलगी. दुपारी रक्तस्राव सुरू झाला आणि थांबेना. तिचा गट ओ निगेटिव्ह, तिला त्याच गटाचं रक्त चालणार. पेढीत पिशवी नव्हती. कॉम्प्युटरवर शोधलं तर यादीत ओ निगेटिव्हचा एकही माणूस नाही. तिला जीपमध्ये घालून पुण्याला न्यायला निघाले. शिक्रापूरच्या अलीकडेच ती गेली.

चार दिवसांनी आप्पा घावटे दवाखान्यात येऊन ओरडायला लागले. आप्पा एसटी डेपोत मेकॅनिक. दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर. कविताच्या सासरची कुणीतरी बाई त्यांच्या बायकोच्या ओळखीची, तिच्याकडून त्यांना कळलं होतं.

“मला का न्हाई बोलावलं? माझं रगात ओ निगेटिव्ह हाय! धा वेळा दिलंय मी हितं! डेपोत व्हतो मी, सायकलवर आलो असतो!”

कॉम्प्युटर उघडला. आप्पा घावटे, एबी निगेटिव्ह.

अधीक्षक डॉक्टर पाटणकरांनी तिथल्या तिथे निष्कर्ष काढला. माहिती भरणारी मुलगी चुकली. ती मुलगी हमीदा तांबोळी. वडिलांचं पानाचं दुकान, घरात शिकलेली ही पहिलीच. तिला त्याच दिवशी काढून टाकलं. बाहेर पडताना आप्पाच तिला म्हणाले, “पोरी, तुझ्यापायी जीव गेला गं.”

आमच्या ऑफिसात येऊन हमीदाने सगळं सांगितलं. तिला काम मॅडमनीच शिकवलं होतं. मॅडमनी तिला पाणी दिलं आणि एकच प्रश्न विचारला.

“आप्पांचा गट तू काय भरला होतास?”

“ओ निगेटिव्ह, मॅडम. अल्ला कसम. मी त्यांना ओळखते, त्यांचं मी चुकेन का? त्या दुपारी मी कामावर असते तर त्यांनाच बोलावलं असतं.”

 मॅडम उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं.

“कुलूप काढलं का?”

साहेबांनी पेपर खाली ठेवला. “मॅडम, दवाखान्याने त्यांच्या स्टाफची चूक मान्य केलीय. विषय संपलाय.”

“कुलूप काढलं का, एवढंच विचारलंय मी.”

“आपलं नाव कुठे आलेलं नाही. तुम्ही ते आणू नका. प्रोग्रॅम तुमचा आहे, लक्षात ठेवा. बोट तुमच्याकडेच येईल.”

“येऊ द्या,” मॅडम म्हणाल्या. “जाधव, गाडी काढ.”

मी साहेबांकडे बघितलंही नाही. हमीदाला रिक्षाने यायला सांगितलं आणि मॅडमना माझ्या एम-एटीवर मागे बसवून दवाखान्यात नेलं.   

पाटणकरांच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर होताच. मॅडम खुर्चीवर बसल्यासुद्धा नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही स्वतः रक्तदाते आहात. तुमचा गट कोणता?”

“ओ पॉझिटिव्ह. का?”

मॅडमनी त्यांचं नाव काढून पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर एबी पॉझिटिव्ह होतं.

“त्या मुलीने माझाही चुकीचा भरला की काय?”

“थांबा.” मॅडमनी रक्तगटांची यादी उघडली. सगळ्यांत वर, पहिल्या जागेवर, नवीन ओळ होती: ‘माहीत नाही’. “हे कुणी घातलं?”

 डॉक्टर म्हणाले, “मी. शिबिरात पुष्कळांना आपला गट माहीत नसतो. तुमच्याच माणसाने दाखवलं की हवं ते घाला. वर घातलं म्हणजे पटकन सापडतं.”

मॅडमनी ती ओळ काढून टाकली आणि पुन्हा डॉक्टरांचं नाव उघडलं. ओ पॉझिटिव्ह. आप्पा घावटे, ओ निगेटिव्ह. मग ओ निगेटिव्ह शोधलं. पडद्यावर नावं आली. शिरूरमधली, न्हावऱ्यातली, इनामगावातली. रक्त द्यायला तयार असलेली, त्या दुपारी कुणी न बोलावलेली माणसं.

 दारात हमीदा उभी होती.

“तुम्ही एक ओळ वर घातली, सगळी यादी एक घर खाली सरकली. माणसांचे नंबर मात्र तेच राहिले,” मॅडम म्हणाल्या. “ती ओळ घालणं ही तुमची चूक नाही. तुम्हाला ती घालता यायला नको होती, नाहीतर घातली तरी काही बिघडायला नको होतं. दोन्हींपैकी एक आम्ही करायला हवं होतं. प्रोग्रॅम माझा आहे. पण ही मुलगी चुकली, असं तुम्ही कशावरून ठरवलंत? तुमच्या पेढीतल्या सगळ्या माणसांचे गट एका दिवसात बदलले आणि तुम्हाला सगळ्यांत आधी हीच सापडली? का? ही उलट बोलणार नाही म्हणून?”

“मॅडम, आवाज खाली. बाहेर पेशंट आहेत.”

“ऐकू द्या त्यांना! त्यांचेच गट आहेत!”

डॉक्टर म्हणाले, ही गोष्ट आपण शांतपणे दुरुस्त करून घेऊ. हमीदाचं बघू. तिच्या जागी आता दुसरी मुलगी घेतलीय. आणि पेशंटच्या घरच्यांना यातलं काही सांगायची गरज नाही, ते बिचारे आधीच दुःखात आहेत.

मी मॅडमना कितीदा तरी चिडलेलं पाहिलं होतं. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा जसा झाला तसा कधीच नव्हता.  बाहेर आल्यावर हमीदाच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, “न्हावऱ्याला जायचंय.”

“मॅडम, आज नको. जरा विचार करा.”

“विचारच केलाय.”

कविताचे सासरे वस्तीवर घरापुढे बसले होते. आत कुठेतरी तान्हं मूल रडत होतं. नवरा भिंतीला टेकून उभा, दाढी वाढलेली. मॅडमनी कोण, कुठल्या ते सांगितलं आणि मग एका दमात बोलल्या.

“आबा, रक्त होतं. दवाखान्याच्या शेजारीच होतं. आमच्या सॉफ्टवेअरने ते चुकीचं दाखवलं. मी ते लिहिलंय. तुम्हाला कुणी हे सांगणार नाही, म्हणून मी आले.”

म्हाताऱ्याला नीट समजलं नसावं असं मला वाटलं.  मग ते म्हणाले, “म्हंजी, तिचं आयुष्य संपलं नव्हतं?”

“नव्हतं.”

“समद्या गावानं आम्हाला सांगितलं, नशिबात नव्हतं. तिच्या आईला बी आम्ही तेच सांगितलं.” त्यांचा आवाज चढत गेला. “रोज सांगतोय! तिच्या आईला मी काय सांगू आता? आन् तुम्ही हितं कशाला आलाव? मन हलकं करायला?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही तक्रार करा. जिथे करायची तिथे करा. हे जसंच्या तसं मी सगळ्यांसमोर सांगेन.”

नवरा भिंतीपासून सुटला आणि मॅडमच्या अगदी समोर आला. मला वाटलं, आता हात उचलतो. मी मध्ये जायला निघालो. मॅडमनी मला हातानेच थांबवलं.  तो म्हणाला, “सांगशीला ना नक्की? मागं हटणार न्हाई ना?”

“नाही हटणार.”

त्या हटल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला, पण त्यानंतरही रोज दवाखान्यात बसून साठवायची पद्धत बदलली, सगळी माहिती नव्याने आणली आणि प्रत्येक रक्तदात्याला बोलावून गट पुन्हा तपासायला लावला. साहेबांनी त्यांना ऑफिसची मशीन वापरू दिली नाहीत तेव्हा त्यांनी ते काम दवाखान्याच्या मशीनवर केलं. शेजारी हमीदा बसलेली. नावं ती वाचायची, मॅडम तपासायच्या. पाटणकरांनी तिला बाहेर काढायची हिंमत केली नाही. कारण दारात स्टूल टाकून आप्पा घावटे बसायचे, डेपोच्या निळ्या कपड्यांत. हमीदाला त्यांनी पहिल्याच दिवशी हात जोडले होते. “चुकलो पोरी,” म्हणाले होते. हमीदाने यादीतलं पुढचं नाव वाचलं होतं. तिने माफ केलं का, मला माहीत नाही.

कविताच्या घरच्यांनी तक्रार केली, तिचं काम पुण्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं चाललं. प्रत्येक तारखेला मॅडम दौंडहून लोकांनी भरलेल्या पॅसेंजरने जायच्या. समोरचा वकील त्यांना विचारायचा, प्रोग्रॅम तुमचा, मग दोष तुमचा नाही का? त्या म्हणायच्या, माझा आहे, लिहून घ्या, आणि आता मोहित्यांना विचारा की पंधरा दिवस मागितले होते का. शेवटी दवाखान्याला आणि मोहित्यांना दोषी धरलं. निकालात हमीदाचा काही दोष नव्हता असं एक वाक्य आलं. दवाखान्याने तिला परत बोलावलं. ती गेली नाही. मोहित्यांनी तोवर पुण्यात दुसऱ्या नावाने कंपनी काढली होती. आज मोठी आहे ती. त्यांच्या भाषणांची बातमी येते. फ्लेक्झिबल हा त्यांचा आवडता शब्द आहे. बातमी वाचली की मी पेपर चुरगाळून फेकतो, बायको म्हणते, तुमचं काय घोडं मारलंय त्यांनी?

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी दौंडला एका कॉलेजात प्रिंटर द्यायला गेलो होतो. भर दुपारची वेळ, लोडशेडिंग. मशीनं बंद, पंखे बंद. एका वर्गातून ओळखीचा आवाज आला म्हणून मी दारापाशी थांबलो.

मॅडमच. केस पांढरे झाले होते, अंबाडा तसाच घट्ट. वीज नाही म्हणून फळ्यावर शिकवत होत्या. समोर पंचवीसेक मुली घामाघूम. ग्रंथालयाचा प्रोग्रॅम करायचा होता आणि एका मुलीने सभासद ओळखायची खूण म्हणून नुसतं त्याचं नाव धरलं होतं.

“आणि तिने नाव बदललं तर?” मॅडमनी विचारलं. “लग्न झालं. नाव गेलं, आडनाव गेलं. मग तिची पुस्तकं, तिचा हिशेब, तिचं सगळं कुठे जातं?”

मुलगी ओशाळून म्हणाली, “मॅडम, मग ती नवीन बाई होते ना.”

वर्ग खो खो हसला. मॅडमनी हातातला खडू फळ्यावर असा आपटला की त्याचे तुकडे उडाले. हसू जागच्या जागी थांबलं.

“नवीन होत नाही! तीच असते! नाव बदलो, गाव बदलो, तुम्ही तुमच्या याद्या हव्या तशा बदला. आत जिवंत माणूस तेच असतं, आणि हाक मारली की ते सापडलंच पाहिजे!”

मुलगी रडवेली झाली होती. मॅडमनी टेबलावरचा नवा खडू उचलला आणि तिच्याकडे धरला.

“ये,” त्या म्हणाल्या. आवाजातला राग तसाच होता. “पूस ते. परत लिही.”